राइट फील्डमधली फक्की

खेळभावना हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना कोणी "किती कडवट लिहिते ही" म्हणायला नको. कडवटच लिहिणार आहे.

अमरावतीत आणि अकोल्यात मिळून आमची एक मिक्स सॉफ्टबॉल लीग होती. मिक्स म्हणजे एकाच टीममध्ये मुलं आणि मुली. रविवारी सकाळी सामने, कधी इकडे कधी तिकडे. खेळणारे सगळे नोकरीवाले, मास्तर, दुकानावर बसणारे, शिकून रिकामे हिंडणारे. बक्षीस एक कप, आणि सामना संपला की सगळ्यांना गिला वडा. आमच्याकडे सॉफ्टबॉल शाळाशाळांतून खेळतात, त्यामुळे माणसं जमवायला त्रास पडत नाही. मुलांना तर नाहीच पडत. मुलं पोट सुटेपर्यंत कुठे ना कुठे खेळत राहतात. मुलींचं तसं नाही. शाळा, कॉलेज, फार तर युनिव्हर्सिटी, की संपलं. ग्लोज माळ्यावर आणि मुलगी कामावर. नोकरीला लागलेल्या, लग्न झालेल्या, वय निघून गेलेल्या बाईने हातात बॅट घ्यावी अशी जागा अख्ख्या वऱ्हाडात माझ्या माहितीत एकच होती, ती ही लीग.

म्हणून तिचं पत्रक मी लिहिलं. पत्रक लिहिणं मला येतं, दुसरं फारसं काही येत नाही. जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रकं मी शाळेत असल्यापासून लिहिते. मग एसटी स्टँडवर बायकांच्या मुतारीला दार नव्हतं त्याचं लिहिलं, वसतिगृहात पाणी येत नव्हतं त्याचं लिहिलं. दार लागलं. पाणी काही आलं नाही. लीगच्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं, "मैदान कोणाच्या बापाचं नाही, या आणि खेळा." लीग चालवणारे निवृत्त पीटी मास्तर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, त्यांनी पेन काढून 'बापाचं' खोडलं.

"बेटा, बाप कायले मधात आनते? लोकं पोरींले पाठवतीन का असं वाचून?"

छापून आलं, "मैदान सर्वांचे आहे." मेलेलं वाक्य. तरी वाटलं.

नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना मी उभी होते. बायका पत्रक घ्यायच्या आणि दोन पावलांवर टाकून द्यायच्या. एकीने मात्र तिथेच थांबून वाचलं, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "फास्ट पिच आहे का नुसती टाकटूक?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"मग पत्रक काहून वाटून राहिली?"

ती आमच्या टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, झाली; संख्या भरायला मीही त्याच टीममध्ये होते. युनिव्हर्सिटीकडून खेळलेली, आता दिवसभर कापडातले डाग आणि सुटलेले धागे शोधायची. पहिल्या रविवारी तिने अंडरआर्म टाकलेला बॉल आमच्या कॅप्टनच्या ग्लोजमध्ये असा बसला की तो हात झटकत म्हणाला, "बाप्पा! ताई, आमी घरी लेकरंबाळंवाले लोक आहोत." ती हसली. त्या दिवसापासून तिने एकही रविवार चुकवला नाही. पाळी बदलून घ्यायची, रात्रपाळी करून न झोपता यायची. एकदा मला म्हणाली, "सहा दिवस मी डोळेच वापरतो. हात रविवारीच वापरतो." बोलताना ती अशीच बोलायची, करतो, जातो. एवढं सांगितलं तरी पुरे. लीग तिच्यासाठी काय होती ते कळलं असेल.

आता नियम. मैदानात निदान चार मुली पाहिजेत, हा पहिला. पहिल्याच वर्षी कळलं की बऱ्याच कॅप्टन लोकांनी त्याचा अर्थ 'चार मुली उभ्या करायच्या' असा घेतलाय. कोणाची बहीण, कोणाची बायको, कोणाची भाची, राइट फील्डला, जिथे बॉल सगळ्यात कमी जातो, स्कार्फ बांधून उभी. बॉल तिच्याकडे गेला की शेजारचा मुलगा "सोड, सोड, माझा!" ओरडत धावत यायचा. तिच्या हातात ग्लोज आहे तो शोभेला काय रे, असं मी सामन्याच्या मधात ओरडून विचारायची. मग आमचा कॅप्टन मला पाणी प्यायला पाठवायचा.

दुसरा नियम फक्कीचा. मुलगी बॅटिंगला आली की मुलं पार जवळ येऊन उभी राहायची. तिचा बॉल लांब जाणारच नाही हे ठरवूनच. म्हणून बेसच्या बऱ्याच मागे, आउटफिल्डमध्ये फक्कीची एक आडवी रेषा मारायची. मुलगी बॉल मारेपर्यंत आउटफिल्डच्या कोणीही ती ओलांडायची नाही. ओलांडली, तर बेसवर असलेल्या सगळ्यांना दोन-दोन बेस फुकट. नियम चांगला होता. फक्की काळ्या मातीत टिकायची नाही, एवढंच. चार इनिंग बूट घासले की रेषेची राख व्हायची.

आणि तिसरी गोष्ट नियमांत कुठेच लिहिलेली नव्हती, पण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर होता. आमच्याकडे बेसवर अंपायर बॅटिंगवाल्या टीमचाच असायचा. जो आउट झाला, त्याने जाऊन अंपायरिंगला उभं राहायचं. माणसंच कमी, करणार काय. आता फक्कीवरून वाद झाला तर अंपायर आपल्याच टीमची बाजू घेणार, हे उघड आहे. म्हणून पद्धत पडली होती की रेषेच्या सगळ्यात जवळ जो फिल्डर असेल, समोरच्या टीमचा, त्याला विचारायचं. तो सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं. "जवळच्याले विचारा," असं कोणीतरी ओरडायचं आणि अख्खं मैदान गप्प व्हायचं. मी स्वतः पाहिलंय, अमरावतीचा एक दुकानदार स्वतःच्या टीमविरुद्ध म्हणाला होता, "पाय पुढे होता आमच्या पोट्ट्याचा," आणि ते लोक त्याच्यामुळे हरले. त्याला शिव्या घातल्या, वडाही खाऊ घातला. या पद्धतीवर मी एक वेगळं पत्रक लिहिलं होतं. गावात असा एक तरी कोपरा आहे जिथे माणूस आपल्या माणसांविरुद्ध खरं बोलतो, असं काहीतरी. ते कोणी वाचलं नाही, पण मी ते खरं मानत होते.

मग सेमीफायनलचं वर्ष. हंगामाच्या सुरुवातीलाच सरांनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, "गेल्या वर्षी त्या फक्कीवरून लई कटकट झाली. यंदा भांडणं झाली, तर पुढच्या साली मिक्स बंद. मंग नुसती पोरांची ओपन घेऊ. समजलं काय?" मुलांनी माना हलवल्या. त्यांचं काय जाणार होतं? मिक्स बंद झालं तर ते ओपनमध्ये खेळणार होते. जाणार होत्या त्या मुली. मी उठून म्हटलं, "सर, भांडण कोणीही केलं तरी शिक्षा मुलींनाच कशी?" सर म्हणाले, "हे पाहा, हेच. सुरू झाली." सगळे हसले. पिचरने माझा हात धरून खाली बसवलं. ती हसली नव्हती.

सेमीफायनल अकोल्यात होती. बडनेऱ्याहून पॅसेंजरने गेलो. गाडीत कॅप्टनने वरूडच्या पाहुण्यांकडची संत्री सोलून सगळ्यांना वाटली. पिचरने एक फोडही खाल्ली नाही. समोरची टीम अकोल्याची, त्यांचा कॅप्टन सेंटर फील्डला, उंच आणि खूप बोलणारा. त्याच्या बाजूला राइट फील्डला एक बारीक मुलगी. ती त्याची चुलत बहीण होती आणि बाळापूरहून त्याच्याच मोटरसायकलवर यायची, हे त्यांच्या लोकांच्या बोलण्यातून कळलं होतं. सामन्यात तिच्याकडे एकच बॉल गेला. कॅप्टन दादा लांब होता म्हणून तो तिलाच उचलावा लागला, आणि तिने तिथून सरळ होमवर, पार बॅटिंगच्या जागेपर्यंत, फेकला. रन काढायला आलेला आमचा माणूस तिथे आउट. सगळे बघतच राहिले.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे, दोन आउट, सेकंड आणि थर्डवर आमची माणसं, दोघं होमला पोचली की आम्ही जिंकलो. दुसरी आउट मीच होते, त्यामुळे पद्धतीप्रमाणे मी फर्स्ट बेसच्या मागे अंपायर म्हणून उभी. बॅटिंगला पिचर.

बॉल यायच्या आधीच त्यांचा कॅप्टन सेंटरमधून सरकत सरकत राइटच्या बाजूला आला. आला तो थेट पुढे. फक्कीचे दोन पांढरे तुकडे उरले होते, एक सेंटरला, एक पार कडेला. मधला भाग पुसलेला. त्या दोन तुकड्यांतून डोळ्यांनी रेषा ओढली तर तो तिच्या पुढे होता, आणि थोडाथोडका नाही. त्याची बहीण बिचारी रेषेच्या मागे, नियमाप्रमाणे. तो तिच्या बरोब्बर समोर. मी हात वर केला. ओरडले, "लाइन!" तेवढ्यात पिचिंग झालं.

पिचरने मारला. उंच, पण लांब नाही. नेमका राइटच्या पुढ्यात. कॅप्टनला पळावंही लागलं नाही. उभ्या उभ्या झेल घेतला आणि बॉल हवेत उडवला. त्यांची टीम नाचायला लागली.

मी तिथेच ओरडत होते, "लाइन तोडली! बॉल टाकायच्या आधी पुढे होता!"

त्यांचा कॅप्टन हसत आला. "कुठे लाइन? दाखवा ना मॅडम. मले तं माती दिसून राहिली."

"फक्की परत मारायचं काम यजमानांचं असतं."

"मंग सामना सुरू व्हायच्या अगोदर सांगायचं. आता हारल्यावर आठवली काय फक्की?"

आमचा कॅप्टन धावत आला, सर धावत आले. आणि आमच्याच कोणीतरी आवाज दिला, "जवळच्याले विचारा!"

मैदान गप्प झालं. मला अजून ते आठवतं, कारण मला तेव्हा आनंद झाला होता. मी मनात म्हटलं, बघा आता. यालाच म्हणतात आमची लीग.

सगळ्यांनी राइट फील्डकडे पाहिलं. ती मुलगी ग्लोज पोटाशी धरून उभी होती. सरांनी विचारलं, "सांग बेटा. दादा लाइनच्या पुढे होता का मागे?"

तिने दादाकडे पाहिलं नाही. खाली पाहिलं, जिथे फक्की नव्हती तिथे.

"मले नाही दिसलं, सर."

"नाही दिसलं?"

"मी बॉलकडे पाहून राहिली होती."

जवळच्याला दिसलं नाही म्हणजे झेल खरा. आम्ही हरलो. मी तोंड उघडलं. माझ्याकडे त्या क्षणी दहा पत्रकांचा मजकूर तयार होता. पिचर होमपासून चालत माझ्यापर्यंत आली होती, बॅट हातातच. तिने बॅट माझ्यासमोर आडवी धरली, फाटक लावावं तशी.

"बोलू नको."

"अगं, खोटं बोलली ती!"

"मले माहीत आहे. बोलू नको. तू बोलली की भांडन होते. भांडन झालं की सर बंद करते. मले पुढच्या साली खेळायचं आहे."

"आणि हे असंच सोडायचं?"

"हाव. असंच सोडायचं. हारलो मी, तू नाही. माह्या बॅटचा बॉल होता."

मी गप्प बसले. आयुष्यात मी फार वेळा गप्प बसलेली नाही, म्हणून तो दिवस लक्षात आहे. माझा जबडा दुखत होता.

आता कप. सरांना बहुतेक वाटलं असेल की प्रकरण पुन्हा पेटेल, कारण नाश्त्याच्या आधीच त्यांनी माइक घेतला. लीगमध्ये दर वर्षी एक खेळभावना चषक असायचा, फायनलनंतर द्यायचा. त्यांनी तो तिथेच, सेमीफायनलला जाहीर केला. आम्हाला. "अंपायरचा, जवळच्याचा, सगळ्यांचा मान राखून ज्या टीमने हसतमुखाने निर्णय स्वीकारला..." हसतमुखाने! माझं तोंड तेव्हा कोणी पाहिलं असतं तर समजलं असतं. आम्हाला लुबाडलं, आणि लुबाडल्यावर आम्ही भांडलो नाही म्हणून आम्हाला पितळेचा कप. मी कॅप्टनला म्हटलं, "घ्यायचा नाही." तो म्हणाला, "घेऊन टाक ना बावा. रिकाम्या हातानं पॅसेंजरमध्ये बसण्यापेक्षा बरं." टाळ्यांमध्ये पिचर पुढे गेली आणि कप घेतला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा कॅप्टन हात मिळवून वर म्हणाला, "मस्त मारला होता ताई, थोडक्यात राहिला."

नंतर नळावर मी बाटली भरत होते, पिचर पाय धूत होती. ती बाळापूरची मुलगी तिथे आली. आम्हाला बघून परत वळणार तेवढ्यात मी अडवलं.

"तुला दिसलं होतं ना?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "दिसलं ना ताई. दादा माह्यापुढेच उभा होता. त्याच्या पाठीवरचा नंबर वाचून राहिली होती मी."

"मग?"

"मंग काय?"

"मग बोलली काहून नाहीस? अख्खं मैदान तुझ्यावर विश्वास ठेवून उभं होतं!"

"मैदान मले बाळापूरहून आनत नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात वाढवला नाही. "दादा आनते. बाबानं सांगितलं, दादा नेईन तोवर जाय. खरं बोलली असती तं आज तुमी जिंकल्या असत्या. मी पुढच्या रविवारी घरी. तुमी एक मॅच हारल्या ताई. माह्या सगळ्याच गेल्या असत्या."

मी आणखी चिडले. अशी भीती बाळगली तर कोणाचंच काही बदलणार नाही, वगैरे बोलले. ती ऐकून घेत होती, सर ऐकून घेतात तसं. पिचरने नळ बंद केला. ती तिला रागावली नाही.

"राइट फील्डलेच उभी राहतेस काय नेहमी?"

"हाव."

"काहून? हात चांगला आहे तुहा. मघाशी होमले फेकला तो पाहिला मी. थर्डले उभी राय. सांग तुह्या दादाले."

ती मुलगी पहिल्यांदा हसली. "दादा म्हनते, थर्डले बॉल जोरात येते."

"मंग ग्लोज कायले असते?"

त्या दिवशी एवढंच बरं झालं.

परतीच्या गाडीत कप कॅप्टनच्या बॅगेत खडखडत होता. पिचर खिडकीशी झोपली. मी विचार करत होते की या दोघी एकाच कारणासाठी गप्प बसल्या, आणि दोघींच्या गप्प बसण्याचा हिशोब सारखाच आहे: आज गिळलं की उद्या खेळायला मिळेल. मला ते पटत नव्हतं. पण मी एवढं तरी मानलं होतं की मिळेल.

पुढचा हंगाम यायच्या आधी ग्रुपवर मेसेज आला. मुलींचा प्रतिसाद कमी असल्याने यंदा मिक्सऐवजी ओपन. खाली अंगठे. आमच्या कॅप्टनचाही अंगठा होता.

मी सरांच्या घरी गेले. म्हटलं, "आम्ही भांडलो नाही. तुम्ही म्हणाला होता भांडलं तर बंद. आम्ही नाही भांडलो. कपही दिला तुम्ही."

"म्हनून तं दिला बेटा. तुमचा मान ठेवला."

"मग बंद का?"

सरांनी चहा मागवला. ते वाईट माणूस नाहीत, हेच तर अवघड आहे. "पाय, कटकट सगळी त्या लाइनीची होती. लाइन कायले? पोरींसाठी. मिक्स नाही तं लाइन नाही. लाइन नाही तं वाद नाही. वाद नाही तं कोनाचं मन दुखत नाही. चहा घे."

मी कॅप्टनला गाठलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, "मी काय करू ताई, मले बी खेळायचं आहे ना." अकोल्याच्या कॅप्टनला फोन केला आणि बाळापूरच्या मुलीबद्दल विचारलं. त्याला आश्चर्य वाटलं. "आता ओपन आहे ना मॅडम. तिले कायले आनू?"

मी नवीन पत्रक लिहिलं. या वेळी 'बाप' खोडायला कोणी नव्हतं. पहिल्या रविवारी अमरावतीच्या मैदानावर ते वाटायला गेले. पिचरलाही बोलावलं होतं. ती आली, रात्रपाळी करून, डोळे लाल. पत्रक उभ्यानेच वाचलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "कोनी येनार नाही पन."

आमचा कॅप्टन फक्की मारत होता. होमपासून फर्स्ट, मग थर्ड, पिचरचा गोल. आउटफिल्डची रेषा आमच्या मैदानावर नेहमी पिचर मारायची, शेवटी, फक्कीचा डबा पायाशी धरून मागे मागे चालत. पण गोल मारून झाला आणि कॅप्टनने डबा खाली ठेवून हात झटकले.

"झालं?" तिने विचारलं.

"हाव ताई, झालं." मग तो थोडा घुटमळला. "स्कोअर लिहिनारा नाही आला आज. तुमाले येते ना लिहिता? बसता काय जरा?"

मला वाटलं ती आता काहीतरी सुनावेल. मला फार वाटत होतं की तिने सुनवावं. ती टेबलाशी गेली, खुर्ची झाडली, दोन्ही टीमची नावं लिहिली. सामना सुरू झाला. सेंटर फील्डचा पोरगा बॅटरला पाहून मनाला येईल तितका पुढे येऊन उभा राहिला. त्याला कोणी काही म्हणायचं कारणच नव्हतं.

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिने मान वर केली नाही.

"उभी काहून आहेस? बस," ती म्हणाली. "झोप येऊन राहिली मले. आउट झाला की सांगत जाय."

मी गठ्ठा खाली ठेवून त्यावर बसले. पहिला आउट झाला तेव्हा तिला सांगितलं.